नेट्टा स्टरकच्या कवट्या

स्कॉटलंडमधल्या डंडीत ज्या रविवारी पाऊस नसे, त्या रविवारी डॉड स्टरक प्रार्थनेनंतर सरळ घरी जायचा नाही. बायको बेला आणि थोरली क्रिसी चढाच्या रस्त्याला लागल्या, की तो धाकट्या नेट्टाचं बोट धरायचा आणि गावातल्या जुन्या कबरस्तानात शिरायचा. डॉड पाथरवट होता. आठवडाभर नव्या कबरींचे दगड घडवायचे, त्यांवर नावं कोरायची, आणि सुटीच्या दिवशी जुने दगड बघत हिंडायचं. बेला म्हणायची, "पाववाला सुटीच्या दिवशी दुसऱ्याच्या भट्टीत डोकावतो, तसली ही तऱ्हा."

तिथले दगड शेकडो वर्षांचे, शेवाळलेले, काही जमिनीत कलंडलेले. आणि जिकडे बघावं तिकडे कवट्या. कुणाखाली दोन हाडांची फुली, कुणाशेजारी वाळूचं घड्याळ, कुणाला चक्क पंख. नेट्टाला त्यांची भीती कधी वाटलीच नाही. कवटीला घाबरायचं असतं हे तिला कुणी सांगण्याआधीच तिची या मंडळींशी ओळख झाली होती.

"बोट घाल," डॉड म्हणायचा.

नेट्टा एका कवटीच्या डोळ्याच्या खोबणीत बोट घालायची. आत गार, ओलसर.

"काय लागतं?"

"रेघा. तिरप्या."

"कुठून कुठे?"

ती बोट फिरवून सांगायची. डॉड खूश व्हायचा. "म्हणजे कोरणारा गडी डावखुरा होता. नाव कुठे लिहिलेलं नाही त्याचं, पण डावखुरा होता हे आपल्याला कळलं."

मग दातांकडे वळायचं. डॉडचं म्हणणं होतं, की या जुन्या लोकांनी खरी कवटी फारशी पाहिलीच नसणार. दात कोरायची वेळ आली की ओळखीतल्या कुणाचं तरी हसू आठवायचं आणि तेच दगडात उतरवायचं. "म्हणून बघ, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही." आणि खरंच नव्हतं. एक कवटी आता शीळ घालेल अशी वाटायची. एकीची दाढ दुखत असावी. एक अगदी प्रार्थनेच्या मध्येच हसू फुटल्यासारखी दिसायची. डॉड स्वतः हसला की त्याच्या पुढच्या दोन दातांमधली फट दिसायची. त्या फटीतून तो अशी शीळ घालायचा की पलीकडच्या गल्लीतले कुत्रे कान टवकारायचे.

बेलाला मात्र ती शीळ ऐकू यायची नाही. पोरवयातच ती तागाच्या गिरणीत मागावर उभी राहिली आणि त्या खडखडाटाने तिशीच्या आत तिचे कान गेले. गिरणीतल्या बहुतेक बायकांचं तेच व्हायचं. त्या हातांनी आणि ओठांनी बोलायच्या, मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चहाड्या करायच्या आणि मुकादमाला पत्ता लागू द्यायच्या नाहीत. घरी डॉड तिच्याशी बोलताना नेहमी दिव्याकडे तोंड करून बसायचा आणि सावकाश बोलायचा. मुली पाठीमागे भांडल्या तर बेला वळायची आणि म्हणायची, "आता पुन्हा बोला, माझ्याकडे तोंड करून."

नेट्टा सतरा वर्षांची असताना डॉड गेला. जन्मभर दगडाची धूळ खाल्लेली छाती शेवटी आखडत गेली. इस्पितळात उशीला टेकून बसलेला असताना एका दुपारी तो दोघी मुलींना म्हणाला, "माझ्या दगडावर कवटी काढा. चांगली दात दाखवणारी. लोकांसाठी वेली आणि कलश कोरून कंटाळलोय मी."

"बाबा, असलं बोलू नका," क्रिसी म्हणाली.

"मग कधी बोलू? नंतर?"

तो गेल्यावर त्याच्या दगडावरून घरात भांडण झालं. नेट्टा म्हणाली, बाबांनी सांगितलंय ते करायचं. क्रिसी म्हणाली, ते औषधाच्या गुंगीत होते.

"गुंगीत नव्हते. तू त्यांना गप्प करायला गेलीस तेव्हा त्यांनी तुलाच निरुत्तर केलं."

"आजकाल कोण कवटी काढतं दगडावर? येणारेजाणारे म्हणतील, समुद्री चाचा पुरलाय इथे."

बेला एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत बसली होती. मग तिने टेबलावर हात आपटला. "वेल काढा," ती म्हणाली. वेल निघाली. टेकडीपलीकडच्या नव्या कबरस्तानात, इतर शंभर वेलींमध्ये ती एक.

नेट्टा तेव्हा गावातल्या एका छापखान्यात लागली होती. तिथून मुलांचं चित्रकथांचं साप्ताहिक निघायचं. चित्रकार चित्रं काढायचे, आणि पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांमध्ये टाकाने शब्द भरायचं काम मुलींकडे. खिडकीशी ओळीने त्यांची टेबलं होती. खाली टे नदी दिसायची, रेल्वेचा लांब पूल दिसायचा, आणि धुकं असलं की यातलं काहीच दिसायचं नाही. नेट्टाचं अक्षर उत्तम होतं. बाप कबरींवर अक्षरं कोरायचा, मुलगी फुग्यांत भरायची. मुलींच्या त्या रांगेत यावरून तिची पुष्कळ थट्टा व्हायची.

शाई वाळेपर्यंत हात स्वस्थ बसत नसे. वाया गेलेल्या कागदांच्या कडेला ती कवट्या काढायची. बारक्या, सुपारीएवढ्या. एकदा संपादक मिस्टर किड मागे येऊन उभे राहिले ते तिला कळलंच नाही.

"हे कुणाचं?"

"माझं. खोडते."

"खोडू नकोस. बोलतो का हा?"

नेट्टाने चित्राकडे पाहिलं. "बोलायला लागला की थांबत नाही."

"मग बुधवारपर्यंत अर्धं पान बोलायला लाव त्याला. आपला चित्रकार लाइल गालगुंडाने पडलाय, आणि त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही."

अशा रीतीने फटदात्या जन्माला आला. कबरस्तानाच्या भिंतीवर बसलेली एक कवटी. खाली धड नाही, हात नाहीत, पाय नाहीत, पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी सुनावल्याशिवाय राहायची नाही. नगरपालिकेचा माणूस त्याला हटवायला येई आणि स्वतःच खड्ड्यात पडे. कुत्रा त्याला तोंडात धरून पळे आणि फटदात्या वाटभर त्याला रस्ता सांगत राही. लाइल बरा होऊन परतला तेव्हा त्याला दुसरं पान द्यावं लागलं, कारण फटदात्याला हलवायची सोय उरली नव्हती. शाळांच्या आवारात पोरं पुढच्या दातांवर काळा कागद चिकटवून एकमेकांना सुनवायला लागली होती. चित्राखाली नाव छापायची तेव्हा पद्धत नव्हती. कवटी कोण काढतं हे छापखान्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं.

क्रिसीला मात्र कुणी सांगावं लागलं नाही. तिचं लग्न विमा कंपनीतल्या लोरिमर एस्प्लिनशी झालं होतं आणि ती नदीपलीकडे न्यूपोर्टला राहायची. एका शनिवारी ती होडीने आली ती पिशवीत तो अंक गुंडाळून घेऊनच. जिन्यातच तिने नेट्टाला गाठलं.

"दाताकडे बघ," ती म्हणाली.

नेट्टाने बघितलं नाही; तो दात तिनेच काढला होता.

"आपल्या बाबांना तू चव्हाट्यावर बसवलंस. या आठवड्यात कुत्रा त्यांना तोंडात धरून पळतोय. माझी शेजारीण पोराला वाचून दाखवते आणि दोघं खिदळतात. मी चहा ओतत उभी."

"बाबाही हसले असते."

"त्यांनी काय केलं असतं हे तू एकटीने ठरवू नकोस." क्रिसीने अंक पुन्हा पिशवीत कोंबला. "आणि हे आईच्या दृष्टीस पडलं, तर माझं तोंड बघू नकोस."

त्यानंतर क्रिसी फक्त नव्या वर्षाला यायची. यायची, केक ठेवायची, हवेबद्दल बोलायची आणि पुढच्या होडीने परत जायची. नेट्टा छापखान्यातून येताना अंक कधी घरी आणत नसे. खरं तर तिला क्रिसीचं पटलंही होतं, निम्मंअर्धं. रात्री दिवा मालवताना तिच्या मनात यायचं की फट बुजवून टाकावी, एका रेघेचं काम. सकाळी टाक हातात घेतला की ते व्हायचं नाही.

अशी काही वर्षं गेली. एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर बेला स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली. समोर बटाट्याची सालं, आणि त्यांच्याखालून काढून हाताने सपाट केलेला एक ओला कागद. वरच्या मजल्यावरच्या बाईने चूल पेटवायला म्हणून जुने अंक दिले होते.

"हे तू काढतेस?" बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात बेलाने विचारलं.

नेट्टाने मान हलवली.

"बस. दिव्याकडे तोंड कर."

नेट्टा बसली.

"तुझ्या बापाचं तोंड मी रोज वाचलं. कान गेल्यापासून तो मला तेवढ्यातूनच भेटायचा. झोपेत बडबडला तरी मला कळायचं काय म्हणतोय. आणि तुला वाटलं, मी ओळखणार नाही?"

"क्रिसी म्हणाली, तुला वाईट वाटेल."

"वाटलंच." बेलाने एका फुग्यावर बोट ठेवलं. "यात तो 'महोदया' म्हणतोय. जन्मात तो कुणाला महोदया म्हणाला नाही. 'ओ बाई' म्हणायचा, आणि तेही टोपी न काढता."

नेट्टाला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्हींचा घोळ झाला. बेलाने तिला थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि मग सालं गोळा करून उठली.

त्या दिवसापासून फटदात्याचे संवाद त्या टेबलाशी ठरू लागले. नेट्टा कच्चं चित्र घरी आणायची. बेला चष्मा लावून ते वाचायची, नुसते ओठ हलवून बघायची, आणि म्हणायची, "नाही, इथे तो आधी गप्प बसेल. मग म्हणेल." किंवा, "पाद्र्याला तो असं तोंडावर बोलायचा नाही. वळून गेला की बोलायचा." विसरून गेलेल्या कितीतरी गोष्टी तिच्या ओठांवर यायच्या. डॉडने लग्नाआधी तिला काय विचारलं होतं, घरमालकाला कसं परतवलं होतं, इस्पितळातल्या परिचारिकेला काय म्हणाला होता. त्यातलं जे छापण्यासारखं असे ते छापलं जाई. जे नसे, त्यावर बेला हसे. स्वतःचं हसू तिला ऐकू येत नसल्यामुळे ते कुठवर जातंय याचा तिला अंदाज नसे, आणि शेजारची मंडळी भिंत ठोकत.

मिस्टर किड एकदा म्हणाले, "हल्ली फार चांगलं बोलतो तुझा गडी. कोण लिहून देतं?"

"घरचंच आहे," नेट्टा म्हणाली.

बेलाचं हृदय थकलं तेव्हा नदीवर मोटारींचा पूल होऊन दोनेक वर्षं झाली होती. क्रिसी बसने आली. बेलाने दोघी मुलींना पलंगाच्या एकाच बाजूला बसवलं, म्हणजे दोघींचे ओठ तिला दिसतील.

"दगडावर माझं नाव खाली येईल," ती म्हणाली. "वरती ती वेल आहे. नावांच्या खाली जागा उरेल. तिथे कवटी बसवा."

क्रिसीने नेट्टाकडे पाहिलं.

"तिच्याकडे कशाला बघतेस? तिने काही शिकवलेलं नाही मला. तेव्हा मी वेल म्हणाले, कारण मला गिरणीतल्या बायकांची भीती वाटत होती. काय म्हणतील, काय म्हणतील. आता त्या सगळ्याजणी तिथेच झोपल्यात, त्याच रांगेत." मग ती थांबली, तिला दम लागला होता. "तो मागून मागून एक गोष्ट मागत होता, क्रिसी. मी नाही म्हणाले."

क्रिसीने आईच्या हातावर हात ठेवला. ती काही बोलली असती तरी स्वतःच्या डोळ्यांत पाणी असल्याने बेलाला तिचे ओठ दिसलेच नसते.

बेला गेल्यावर नेट्टाने चित्र काढून पाथरवटाकडे दिलं. गुलाबांच्या फुलांत हात बसलेला, मनमिळाऊ माणूस होता तो. कवटी त्याने आजवर कोरली नव्हती, पण तो आनंदाने तयार झाला. काम अर्ध्यावर आलं तेव्हा दोघी बहिणी बघायला गेल्या. क्रिसी हॅट घालून, पर्स दोन्ही हातांत धरून दगडासमोर उभी राहिली. मग वाकून तिने दातांकडे बघितलं.

"फट आणखी रुंद हवी," ती शेवटी म्हणाली.

"चित्रात एवढीच आहे, बाई," पाथरवट म्हणाला.

"मग चित्र चुकलंय."

नेट्टाने आपलंच चित्र हातात घेतलं. क्रिसीचं बरोबर होतं. स्वस्त कागदावर शाई पसरायची, काळी फट फुगायची आणि मधला दातच पडल्यासारखा दिसायचा. म्हणून नेट्टाने कधीतरी फट अरुंद केली होती, मग पुन्हा जरा अरुंद केली होती. वर्षानुवर्षं छापील फट काढता काढता खरी तिच्या हातातून निसटली होती. क्रिसीने चित्रं काढली नव्हती, म्हणून तिच्याकडे ती जशीच्या तशी राहिली होती.

"तू सांग," नेट्टा म्हणाली. "मी दुरुस्त करते."

क्रिसीने हातमोजा काढला आणि अंगठा व बोट यांच्यामध्ये जागा धरून दाखवली. परतताना दोघींनी गरम ब्रायडी, म्हणजे खिम्याच्या करंज्या, घेतल्या, एक कांद्याची आणि एक बिनकांद्याची, आणि बसथांब्याच्या बाकावर बसून खाल्ल्या. क्रिसी म्हणाली की ती दर आठवड्याला अंक विकत घेत असे. वाचून कोळशाच्या बादलीखाली लपवत असे, लोरिमरला दिसू नये म्हणून.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी बोललेलं मागे कसं घ्यायचं ते कळत नव्हतं," क्रिसी म्हणाली.

पुढे जग बदललं. पोरं टीव्हीसमोर बसायला लागली, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, ज्या चाळीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या ती पाडून तिथे वाहनतळ झाला. साप्ताहिकही बंद झालं. शेवटच्या अंकात फटदात्या भिंतीवरून घरंगळत खाली आला आणि फिरायला म्हणून निघून गेला. नेट्टाने त्याचा फार गाजावाजा केला नाही. लोरिमर वारल्यावर क्रिसी नदी ओलांडून नेट्टाकडेच राहायला आली. दोघी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर भांडत, आणि त्यात दोघींचाही वेळ बरा जात असे.

चर्चच्या हॉलची किल्ली क्रिसीकडे होती. एका शनिवारी ती हॉल उघडून तडक घरी आली. "हॉलमध्ये कवट्या आल्यात," ती म्हणाली. "डबेच्या डबे. चल."

बाहुल्यांच्या लढाया खेळणारी पाच-सात जणांची मंडळी होती. मोठ्या टेबलावर हिरवं कापड, पुठ्ठ्याचे डोंगर, पडकी देवळं, आणि मध्ये सांगाड्यांच्या बोटाएवढ्या शिशाच्या बाहुल्या. त्यांचा म्होरक्या इनस फेअरवेदर, सिटी बसचा ड्रायव्हर, छातीपर्यंत दाढी. तो उठून उभा राहिला.

"मिसेस एस्प्लिन, ही मेलेल्यांची फौज आहे. फासे पडतील तशी चालते."

"माझा नवरा तसाच चालायचा," क्रिसी म्हणाली. "आणि हे हसताहेत का?"

"ते रंगवणाऱ्यावर असतं. आमच्यापैकी कुणाला दात नीट जमत नाहीत."

क्रिसीने बहिणीला कोपराने पुढे ढकललं. "हिला जमतात. फटदात्या हिचाच."

इनसने हातातला कप खाली ठेवला. मग स्वतःची खुर्ची नेट्टाला दिली.

त्या शनिवारपासून नेट्टा तिथे जाऊ लागली. हात आता थोडे थरथरत, पण मनगट टेबलाला टेकवलं की चालत. आधी काळा रंग, वर पांढरा, मग पातळ तपकिरी. तो दातांच्या मधल्या चिरांत आपोआप उतरे. वाटाण्याएवढी एकेक कवटी. इनसच्या नियमांच्या पुस्तकात त्या योद्ध्यांना गडगडाटी नावं होती, अस्थिमर्दन काय, कवटाक्ष काय. क्रिसीला ती पटेनात.

"असली नावं असतात का कुणाची?" ती म्हणाली. "जेवायला हाक मारायची तर कशी मारणार?" तिने कमरेवर हात ठेवलेली एक बाहुली उचलून उजेडात धरली. "ही मिसेस टॉश. तिसऱ्या मजल्यावरची."

नेट्टाने मान वर केली. "तिच्या घरात मांजरं होती."

"मांजरं आणि पियानो. कुणालाच वाजवता येत नव्हता. आणि हा पाठीत वाकलेला, हा बर्ट, कोळसेवाला. पोतं घेऊन वर यायचा आणि खाली जाताना गाणं म्हणायचा."

"आणि ही दोघं?"

"एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत म्हणजे गेडी बंधू. कुंपणावरून कोर्टात गेलेले."

त्या संध्याकाळी खेळ झालाच नाही. दोघी बहिणी नावं ठेवत गेल्या आणि इनस कागदाच्या बारक्या चिठ्ठ्या करून प्रत्येकाच्या पायाखाली चिकटवत गेला. पाडलेल्या चाळीचा अख्खा जिना त्या हिरव्या कापडावर येऊन उभा राहिला, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. कधी एकीला नाव आठवायचं नाही, तेव्हा दुसरी सांगायची. कधी दोघींनाही आठवायचं नाही, मग त्या नुसत्या त्या बाहुलीकडे बघत बसायच्या, आणि मंडळींपैकी कुणी घाई करायचं नाही.

पुढच्या शनिवारी लढाई लागली. फासे टाकायला क्रिसीच बसली होती, आणि तिच्यासारखा निर्दय खेळाडू त्या हॉलमध्ये दुसरा नव्हता. इनसने समजावलं की मिसेस टॉशला पहिल्या रांगेत ठेवावं, तिच्याकडे भाला आहे.

"तिचे गुडघे दुखायचे," क्रिसी म्हणाली. "तिला मागे ठेव. भिंतीला टेकून."

"पण नियमात लिहिलंय की—"

"नियम लिहिणारा तिच्या जिन्यात राहत होता का?"

इनसने मिसेस टॉशला भिंतीला टेकवून उभं केलं. समोरून फासे पडले, आणि पहिल्याच फटक्यात कोळसेवाला बर्ट आडवा झाला. नेट्टा ब्रश धरूनच वाकली आणि त्याचा रंग खरवडला तर नाही ना, ते बघू लागली.

"दुसऱ्यांदा गेला बिचारा," असं म्हणत क्रिसीने त्याला उचलून आपल्या बशीत ठेवलं आणि फाशांसाठी हात पुढे केला.